पाळी थांबल्यानंतरचं आयुष्य

(दृश्य : दगडाळ जमीन, खणणाऱ्या बायका)

उत्तर टांझानिया. एयासी सरोवराजवळचा हा कोरडा मुलूख. शिकार करून, कंद, फळं, मध गोळा करून हाड्झा लोक इथे जगत आले.

काठीकडे बघा. टोक तासून अणकुचीदार केलंय. कंद खोल आहे आणि वर दगड बसलाय. आधी दगडाभोवतीची माती सैल करायची, काठी खाली सारून दगड उचकटायचा, हाताने माती उपसायची. मग पुन्हा काठी. यात जोर लागतोच, पण त्याहून जास्त लागतो अंदाज. वेल इथे, मूळ कुठे वळलंय? झुडपावरची फळं लहान मुलं तोडतात, उथळ कंदही काढतात. हा कंद मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचा.

आणि तो काढणारी ही बाई आजी आहे.

1980च्या दशकात क्रिस्टन हॉक्स, जेम्स ओकॉनेल आणि निकोलस ब्लर्टन जोन्स या संशोधकांनी इथल्या बायकांच्या कामाचे तास मोजले, मुलांची वजनं घेतली. आज्या तरुण बायकांपेक्षा जास्त वेळ राबत होत्या. तान्हं बाळ आलं की आईचं खणणं कमी होतं. त्या दिवसांत, दूध सुटलेल्या थोरल्या मुलाचं वजन आजीच्या कष्टांवर वाढतं.

(दृश्य : निखाऱ्यांवर कंद, भोवती मुलं)

पण पाळी थांबल्यावरही बाई इतकी वर्षं का जगते? बाईसारखीच चिंपांझी मादीची प्रजननक्षमताही पन्नाशीच्या आसपासच संपते, पण जंगलातल्या बहुतेक माद्या त्याआधीच मरतात. म्हणजे माणसात पाळी लवकर थांबू लागली असं नाही, तिच्यापुढचं आयुष्य वाढलं. आणि ते औषधांमुळे नव्हे. शिकार-संकलनावर जगणाऱ्या समाजांत बालमृत्यू खूप, म्हणून सरासरी आयुर्मान कमी दिसतं. पंचेचाळिशी गाठलेली बाई मात्र पुढे साधारण 20 वर्षं जगते.

हॉक्स यांची मांडणी अशी : ज्या आज्या धडधाकट राहिल्या, त्यांच्या लेकींना पुढचं मूल लवकर झालं, जास्त नातवंडं जगली, आणि आजीचा चिवटपणा त्यांच्यात उतरला. शिकारीचं कसब मुरायला वर्षं लागतात म्हणून आयुष्य लांबलं, असंही काही अभ्यासक मानतात. पण शिकार रोज हाती लागत नाही. कंद लागतो.

हाड्झांची बरीचशी जमीन शेती आणि गुरांखाली गेली आहे. आता त्यांच्यातले थोडेच लोक मुख्यतः शिकार-संकलनावर जगतात.