पातं लागलं त्या घटकेपासून

(पडद्यावर: पहाटेचा अंधार, उसाचा फड, ट्रॅक्टरचे दिवे. कोयत्यांचा एका लयीतला आवाज.)

वाळवा तालुका, जिल्हा सांगली. कारखान्यांची धुराडी पेटून दोन महिने झालेत. दिवस उगवायच्या आत टोळी फडात शिरलीय. एक जण बुडात कोयता घालतो, दुसरा शेंडा छाटतो, मागून मोळ्या बांधल्या जातात. वाढं बाजूला पडतं, पाचट पायाखाली.

उसाचं पान एकदा हातात घेऊन बघा. कडेवरून बोट उलटं फिरवलं की कळतं, ही करवत आहे. दात दिसत नाहीत, पण कापतात. हात कापतात, गाल कापतात, त्याचं इथं कुणाला काही वाटत नाही. तोडकरी लांब बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला टॉवेल गुंडाळतात. डोळे तेवढे उघडे राहतात. चष्मा लावला तर घामानं काच धुरकटते, आणि हातात कोयता असताना नजर स्वच्छ लागते. त्यामुळं चष्मा लावा असं सांगणं सोपं आहे, फडात तो लावून राहणं सोपं नाही.

आजच्या गोष्टीतला डोळा मात्र तोडकऱ्याचा नाही. तो माझ्या मामाचा आहे.

(पडद्यावर: गोठा. म्हैस वाढं खातेय.)

मामा म्हशीला वाढं आणायला गेले होते. दुपारचे चार वाजले असतील. भारा डोक्यावर घेताना एक पातं उजव्या डोळ्यावरून फिरलं. डोळ्यातून पाणी आलं, चरचरलं. त्यांनी पाटाच्या पाण्यानं डोळा धुतला आणि भारा घेऊन घरी आले. मामीनं पदराचा बोळा केला, त्यात फुंकर मारून शेकलं. आपल्याकडं सगळ्या आया हेच करतात आणि त्यानं बरंही वाटतं.

दुसऱ्या दिवशी डोळा लाल. शेजारच्या आजीनं एरंडेल सांगितलं, ते घातलं. कुणी मध सांगितला, कुणी बाळंतिणीचं दूध. तिसऱ्या दिवशी ठणका वाढला तेव्हा मामा औषधाच्या दुकानात गेले आणि डोळा दाखवून थेंब मागितले. मिळाले. चिठ्ठी कुणी विचारली नाही.

आणि इथं खरी गंमत आहे, गंमत म्हणायची तर. त्या थेंबांनी आराम पडला. लाली उतरली, ठणका निम्म्यावर आला. मामा पुन्हा शेतात जायला लागले. नवव्या दिवशी आरशात बघताना मामीलाच आधी दिसलं, बुबुळावर पांढरा ठिपका. गावाच्या भाषेत, फूल पडलं.

मग घरात एकच वाक्य उमटलं, या भागात चार पिढ्या उमटत आलेलं. मिरजेला न्या.

(पडद्यावर: मिरज जंक्शन. दवाखान्यांच्या पाट्यांची रांग.)

मिरजेचं हे वजन जुनं आहे. डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी इथं १८९४ साली रुग्णालय उभारलं आणि रेल्वेनं लांबलांबचे रुग्ण या गावात उतरू लागले. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. आज कर्नाटकातलीही माणसं नातेवाइकाला घेऊन इथं उतरतात.

मामांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न डोळ्याबद्दल विचारलाच नाही. म्हणाले, "काय काय घातलंय डोळ्यात?" मामांनी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी बारीक अक्षर वाचलं. स्टिरॉइड होतं.

"आराम पडला हुता की," मामा म्हणाले. तो पडणारच होता. स्टिरॉइड सूज दाबतं, लाली दाबतं. पण सूज ही शरीराची लढाई असते. आत बुरशी बसली असेल आणि लढणारेच झोपवले, तर तिला रान मोकळं. वरून डोळा निवळत जातो, आत जखम खोल जाते.

(पडद्यावर: स्लिट लॅम्पची उभी प्रकाशरेघ. काचपट्टीवर खरवडलेला नमुना.)

बुबुळावर काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तर तो पारदर्शक राहतो. पण म्हणूनच तिथं मदतही उशिरा पोचते. पात्यानं त्याची वरची साल फाटली की पाचटात, मातीत राहणारे जंतू थेट आत.

डोळा बधिर करून त्या जखमेच्या कडेचा कणभर नमुना खरवडून घेतात. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. निदान पुष्कळदा तिथंच होतं, काही मिनिटांत. मामांच्या पट्टीवर बारीक, फाटे फुटलेले धागे दिसले. बुरशी.

प्रयोगशाळेत ती वाढवून बघायला काही दिवस गेले. नाव निघालं फ्युजेरियम. मामा शेतकरी, नाव ऐकून ते दचकले नाहीत, उलट ओळखीचं कुणी भेटावं तसं बघितलं. हरभऱ्याला मर लागते ती फ्युजेरियमनं. उसाचा शेंडा पिवळा पडून पिळवटतो, तो पोक्का बोईंग, तोही याच गोतावळ्यातला. पिकावर बुरशीनाशक फवारायला एक दिवस उशीर न करणारा माणूस स्वतःच्या डोळ्याला नऊ दिवस देतो, हे मात्र त्यांना कुणी बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

(पडद्यावर: दुधाळ थेंबांची बाटली. हलवणारा हात.)

औषध मिळालं नॅटामायसिन. पाच टक्क्यांचे थेंब. पाण्यासारखे नाहीत, दुधाळ. बाटली दर वेळी हलवायची, नाहीतर औषध तळाशी राहतं. आणि घालायचे किती वेळा? जागेपणी दर तासाला. मामीनं मोबाइलवर गजर लावला. भाकरी थापताना गजर, धार काढताना गजर. असे आठवड्यामागून आठवडे.

या औषधाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. १९५५ साली दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गजवळच्या मातीच्या नमुन्यात एक जीवाणू सापडला. त्यानं बनवलेलं द्रव्य म्हणजे नॅटामायसिन. नाव पडलं त्या प्रांतावरून, नाताळ. हे तेच पीटरमारित्झबर्ग, जिथं १८९३ साली गांधीजींना रेल्वेच्या डब्यातून खाली उतरवलं होतं. आणि हा तोच नाताळ प्रांत, जिथं १८६० पासून हिंदुस्थानातली माणसं करारावर नेली गेली. कशासाठी? ऊस तोडायला. उसाच्या फडात जखमी झालेल्या डोळ्याला त्याच मुलखाच्या मातीतलं औषध लागावं, हा योगायोगच. चीजवर बुरशी धरू नये म्हणूनही हेच द्रव्य वापरतात, ते आणखी निराळं.

औषध जुनं आहे म्हणून नव्यानं त्याला मागं टाकलं असेल, असं वाटणं साहजिक आहे. व्होरिकोनॅझोल नावाचं नवं औषध आलंही. मग दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. २०१३ साली निकाल छापून आला. जुनं नॅटामायसिन सरस ठरलं, आणि फ्युजेरियमच्या बाबतीत तर फारच. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. जगभरच्या नेत्रतज्ज्ञांनी परिषदांमध्ये ज्या निकालावर चर्चा केली, त्यातले रुग्ण आपल्यासारख्याच शेतीच्या मुलखातले होते.

(पडद्यावर: जुनं युरोपीय चित्र, गणवेशातले सैनिक, डोळ्यांवर पट्ट्या.)

परिषदांचा विषय निघालाच आहे तर. डोळ्यांच्या डॉक्टरांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली १८५७ साली, ब्रुसेल्सला. आपल्याकडं ते उठावाचं साल. २४ देशांतले १५० डॉक्टर जमले होते. त्या काळी युरोपला एका डोळ्याच्या साथीनं छळलं होतं. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर सैनिकांनी ती घरोघर पोचवली होती. डॉक्टर देशोदेशीचे, तशी साथही देशोदेशीची. एकट्या देशाला ती आवरणारी नव्हती.

त्या साथीतला एक मोठा आजार म्हणजे ट्रॅकोमा. आपल्या आज्यांच्या तोंडी त्याला खुपरी म्हणतात. पापणी आतून खरबरीत होते, केस आत वळतात आणि बुबुळावर घासत राहतात. भारतानं ही खुपरी सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवली, असं जागतिक आरोग्य संघटनेनं ८ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर केलं. ब्रुसेल्सपासून मोजलं तर १६७ वर्षं.

डोळे येण्याची साथ वेगळी. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरू होऊन महाराष्ट्रभर पसरली, ती सगळ्यांना आठवत असेल. बहुतेकांचे डोळे आपले आपण निवळले. त्याच अनुभवानं माणूस फसतो. लाल डोळा म्हटलं की डोळे आलेत, होतील बरे. पण पातं लागून लाल झालेला डोळा आणि साथीत लाल झालेला डोळा, आरशात दोन्ही सारखेच दिसतात.

(पडद्यावर: निळा प्रकाश. डोळ्यात हिरवा चमकणारा ओरखडा.)

आता नेपाळ. भक्तपूर. तिथं सुमारे ३५ हजार लोकवस्तीवर दोन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. गावातल्याच आरोग्यसेवकांना शिकवलं: डोळ्याला लागलेला माणूस आला की नारिंगी रंगाची पट्टी डोळ्याला टेकवायची आणि निळ्या प्रकाशात बघायचं. ओरखडा असेल तर हिरवा चमकतो. मग क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचं मलम, दिवसातून तीनदा, तीन दिवस.

२००१ साली आकडे छापले गेले. लागल्यापासून १८ तासांच्या आत मलम मिळालेले २८४ जण. त्यातल्या एकाचीही जखम चिघळली नाही. एक दिवस उलटल्यावर, दुसरा संपायच्या आत आलेले ४९ जण. त्यातल्या १४ जणांची चिघळली.

मामांना पातं लागलं दुपारी चारला. १८ तास म्हणजे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे दहा. त्या वेळी मामा ओसरीवर बसून एरंडेल घालून घेत होते.

पण आकडे इतके सरळ असते तर परिषदांना काम उरलं नसतं. पुढं नेपाळमध्येच कितीतरी मोठी तुलना झाली. काही गावांत असे सेवक नेमले, काहींत नाही. २०२२ साली निकाल आला, तेव्हा दोन्हीकडं बुबुळाच्या जखमा चिघळण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. म्हणून मलमाची नळी घरात आणून ठेवा, असं ही चित्रफीत सांगणार नाही. डोळ्याला लागलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी, डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा. आणि चिठ्ठीशिवाय मिळालेला थेंब घालू नका. याबद्दल तज्ज्ञांत वाद नाही.

(पडद्यावर: मिरजेतल्या दवाखान्याची ओसरी. बाकावर डोळ्याला पट्टी लावलेली माणसं.)

या बाकांवर बसलं की जिल्ह्याची शेती कळते. ऊस तर आहेच. तासगावकडून येतात ते द्राक्षबागेतले, छाटणीची काडी लागलेली. जतकडून ज्वारीची मळणी करताना कूस गेलेले. आणि एखादं लहान मूल, चुन्याची पुडी दाबल्यावर चुना उडालेलं. चुना हा संसर्ग नाही, भाजणं आहे, पण डोळा तोही घेतो. जगातलं पहिलं यशस्वी कॉर्नियाचं रोपण झालं ते चुन्यानं डोळे गेलेल्या एका मजुरावरच, ७ डिसेंबर १९०५ रोजी, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी. शस्त्रक्रिया केली एडुआर्ड झिर्म यांनी.

मामांवर रोपणाची वेळ आली नाही. बुरशी हटली, जखम भरली. भरली म्हणजे तिथं व्रण राहिला, पांढुरका, आणि नेमका मधोमध. उजव्या डोळ्यानं त्यांना माणूस आलाय एवढं कळतं, कोण ते कळत नाही. व्रण कडेला असता तर वाचताही आलं असतं. डॉक्टरांनी नेत्रदानातून मिळणाऱ्या कॉर्नियाबद्दल सांगितलंय. मामा म्हणतात, एका डोळ्यावर भागतंय की.

(पडद्यावर: संध्याकाळ. बांधावरून येणारा माणूस, डोक्यावर भारा, डोळ्यांवर पिवळ्या काचेचा गॉगल.)

वाढं आणायला ते अजूनही जातात. फक्त आता माझ्या भावाचा मोटारसायकलवरचा जुना गॉगल लावून. पहिले दोन दिवस म्हशीनं त्यांना ओळखलंच नाही. धारच देईना.