फायबरच्या पोटातलं लाकूड

(दृश्य: खाडीकाठी ओढून ठेवलेली फायबरची होडी. मिस्त्रीच्या हातातली छोटी हातोडी.)

टण. टण. टण. ठप.

पुन्हा ऐका. टण, टण... ठप. मिस्त्री त्या जागी खडूने फुली मारतो आणि हातोडी चार बोटं पुढे सरकवतो. तिथेही ठप. म्हणजे आत काहीतरी कुजलंय.

होडीच्या मालकाने लाकडी होडी विकून ही घेतली, ती कुजण्याची कटकट सुटावी म्हणून. साग, आईन, फणसाच्या फळ्या, दर पावसाळ्याआधी तेल देणं, भेगा भरणं, हे सगळं त्याच्या वडिलांनी केलं. त्याला ते नको होतं. पण होडीच्या मागच्या टोकाला, जिथे आउटबोर्ड मशीन टांगतात त्या ट्रान्समला, बाहेरून फायबर दिसत असलं तरी आत लाकूडच आहे. लाकूड लपलं, एवढंच.

ते आत घालतात, कारण नुसतं फायबर लवतं. फायबरच्या पत्र्याची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो, पण तेवढं फायबर भरलं तर होडी जड होते आणि खर्चही वाढतो. म्हणून दोन पातळ थर आणि मधे काहीतरी हलकं. ताण वरचा आणि खालचा थर झेलतो, मधल्याने फक्त त्यांना एकमेकांपासून दूर धरायचं. गोव्यात दिवाडीला बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची नौका अशीच, पोटात लाकूड घेतलेली. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तेव्हा फायबरमध्ये लाकूड म्हणजे फसवणूक, असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नव्हे.

(दृश्य: मिस्त्री ग्राइंडरने आतल्या बाजूचा थर कापतो. काळपट, ओला प्लाय.)

हा बघा. बोटाने दाबला तर भुगा हातात येतो.

मालक म्हणतो, ‘समुद्रात राहते ना, ओली होणारच.’ पण समुद्र इथला खरा गुन्हेगार नाही. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात नीट वाढत नाही. तिला हवं असतं गोडं पाणी, थोडी हवा आणि ऊब. म्हणजे आपला पावसाळा. जूनमध्ये होडी वर ओढली, ताडपत्री नीट बसली नाही, मागच्या कोपऱ्यात पाणी साचलं आणि तिथे एक स्क्रू होता.

तो स्क्रू इथे आहे. पाण्याच्या पंपाची पट्टी बसवायला कोणीतरी मारलेला. भोकाच्या कडेला उघडा प्लाय. फायबरला पाणी लागलं तर ते वाहून जातं. प्लायला लागलं की तो पितो.

पिण्याची रीत लाकडाच्या रेषेवर, म्हणजे त्यातल्या बारीक नळ्या कुठल्या दिशेने धावतात त्यावर, अवलंबून असते. पाणी रेषेच्या दिशेने झरझर सरकतं, रेषेला आडवं मात्र फार हळू. प्लायमध्ये एक पापुद्रा उभा, पुढचा आडवा, त्यामुळे पाण्याला दोन्हीकडे वाट मोकळी. एका स्क्रूची ओल हातभर लांब गेली, ती अशी. बाल्साचं तसं नाही. दक्षिण अमेरिकेतलं, मुख्यतः इक्वेडोरमधून येणारं हे झाड पाच-सहा वर्षांत तोडायला येतं आणि सागाच्या जवळपास चौथाई वजनाचं असतं. होडीसाठी त्याचे तुकडे रेषा उभ्या ठेवून कापतात, म्हणजे नळ्यांची तोंडं वरच्या आणि खालच्या फायबरकडे. पाणी आत शिरलंच तर बाजूला सहज पसरत नाही.

मग सगळीकडे बाल्साच का नको? कारण मशीनचे बोल्ट आवळले की तो चेपतो. डेकला, म्हणजे वर चालायच्या तक्तपोशीला, बाल्सा शोभतो, ट्रान्समला प्लायच हवा. घन फळीचा मोह काही जणांना होतो, ‘सागच घाला, मजबूत!’ मला हे पटत नाही. फळी जाड असली की फुगण्याचं बळही मोठं, ती फायबरला फाडते. त्यातून साग तेलकट, त्याला रेझिन, म्हणजे फायबर जोडणारी राळ, नीट धरत नाही.

दुकानात ‘मरीन प्लाय’ म्हणून काहीही मिळतं. त्यावर आय.एस. ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का बघायचा. त्या प्लायची चिकटी ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावी लागते. पण परीक्षा चिकटीची आहे. औषध पाजलेलं लाकूडसुद्धा वर्षानुवर्षं कोंडून ओलं राहिलं की हार मानतं.

(दृश्य: कुजका प्लाय खरवडून काढलेला. रिकामी खोबण. वर ताडपत्रीची सावली.)

भोकं पाडून आत रेझिन ओतण्याचा स्वस्त उपाय मिस्त्रीने साफ नाकारला. ओल्या लाकडात रेझिन शिरत नाही. वरून कडक होतं, खाली कुजणं चालूच. त्यामुळे ‘ठप’ संपून ‘टण’ सुरू होईल तिथून आणखी वीतभर पुढेपर्यंत सगळं काढायचं. कापलेल्या थराच्या कडा उतरत्या घासायच्या, जाडीच्या बारापट लांब उतार, तरच नवा थर जुन्याला धरतो.

आणि वाळवायचं. इथे घाई चालत नाही. लाकडात बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओल असताना चिकटवलं तर आपणच ओल कोंडली. हमरस्त्यालगतच्या दुकानात मिळणारा नेहमीचा पॉलिएस्टर रेझिन मॅटसाठी, म्हणजे काचतंतूंच्या चटईसाठी, ठीक, पण लाकूड चिकटवायला इपॉक्सी हा दुसरा रेझिनच. तो महाग आहे. मालकाचा चेहरा पडतो, पण मिस्त्री मोजमाप घेतच राहतो. प्लायच्या चारही कडांना इपॉक्सीचे दोन हात बसणार, कारण उघडी कड म्हणजे शेकडो तोंडं.

(दृश्य: आठवडाभरानंतर. ट्रान्सम बंद, गुळगुळीत. मालकाच्या हातात ड्रिल, पंपाची तीच जुनी पट्टी.)

मालक जुन्याच मापाचं भोक पाडायला निघतो. मिस्त्री ड्रिल त्याच्या हातातून काढून घेतो. स्क्रूच्या दुपटीहून मोठं भोक पाडतो, आत इपॉक्सीची पेस्ट ठासून भरतो, वर टेप लावतो.

‘आज नाही, भाऊ. उद्या वाळली की हिच्या मधोमध.’