जांघेतलं अवधाण

(दृश्य: सकाळचा उसाचा फड, कोयत्यांचा आवाज)

वाळवा तालुका, जानेवारी महिना. तोड झालेल्या फडात पाचटाखाली बुडखे दडलेले असतात, कोयत्याने तिरके छाटलेले, खुंटीसारखे टोकदार. त्यातला एक चप्पल फोडून तळपायात घुसतो.

कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा, कोरडा आणि किंचित आंबट असतो. जंतूंना तिथे सहसा थारा मिळत नाही, आणि महिन्याभरात तो झडून नवाही येतो. बुडख्याने मात्र आत वाट पाडली.

आधी रक्त थांबतं. एका घनमिलिमीटर रक्तात १.५ ते ४.५ लाख प्लेटलेट असतात, त्या एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. जखमेजवळच्या पेशी हिस्टामिन सोडतात, त्याने बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात. पाय लाल, गरम होतो, सुजतो, ठणकतो. ही सूज पांढऱ्या पेशींना बाहेर पडायला केलेली वाट आहे. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी पोचतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणजे बहुतांशी त्यांचाच खच. पुढच्या एक-दोन दिवसांत मॅक्रोफेज या मोठ्या भक्षक पेशी येऊन तो साफ करतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर न्यूट्रोफिल मंदावतात. पायाला बधिरपणा असेल तर जखम झाल्याचंही कळत नाही.

(दृश्य: लसिका वाहिन्यांचं रेखाटन, तळपायापासून जांघेपर्यंत)

दोन-तीन दिवसांनी जांघेत गाठ लागते. घरात म्हणतात, "अवधाण आलंय." हा शब्द जुना आहे आणि अचूक आहे. जखम पायाला, गाठ जांघेत. हाताला झाली तर काखेत. जखमेतल्या डेंड्रायटिक पेशी, म्हणजे निरोप्या पेशी, जंतूचा तुकडा घेऊन लसिका वाहिनीने (पेशींभोवतीचं पाणी वाहून नेणाऱ्या नळीने) गाठीपर्यंत येतात. गाठीत लाखो लिम्फोसाइट (जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) असतात, प्रत्येकाची ओळख निराळी. ज्याला तो तुकडा जुळतो, तो भराभर दुणावत जातो, म्हणून गाठ फुगते. नव्या जंतूसाठी पुरेशा अँटिबॉडी, म्हणजे जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं, व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. काही पेशी वर्षानुवर्षं राहतात. तोच जंतू पुन्हा आला की तयारी काही दिवसांतच होते.

अवधाण चोळू नका, दाबू नका. पायावरून जांघेकडे लाल रेघ चढली आणि थंडी वाजून ताप आला, तर जंतू वाहिनीतून पसरताहेत. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

(दृश्य: शेणखताचा ढीग)

एका आजारापुढे मात्र ही सगळी यंत्रणा हरते: धनुर्वात. त्याच्या जंतूचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. हवा लागली तर ते निपचित पडून राहतात, खोल आणि बंद जखमेत जागे होतात. म्हणूनच जखमेवर शेण, चुना, तंबाखू लावून वर घट्ट पट्टी बांधणं घातक: बीजाणूही मिळतात, झाकणही मिळतं. जंतूचं विष इतकं जहाल की माणूस मारायला लागणारी मात्रा शरीराला ओळख पटायलाही अपुरी पडते. धनुर्वातातून वाचलेल्यालाही त्यामुळे लस घ्यावीच लागते. लसीत तेच विष निष्प्रभ करून पुरेशा मात्रेत दिलेलं असतं.

बाळाला ६, १०, १४ आठवड्यांना डोस, मग १६ ते २४ महिन्यांत आणि ५-६ वर्षांना बूस्टर, १० आणि १६ वर्षांना टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस). तोडणीला आलेल्या टोळ्यांतल्या मुलांचे डोस हमखास चुकतात. चुकलेला डोस कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

जखम झाली की वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, माती काढा. आत तुटलेलं टोक घरी उकरू नका. मातीची किंवा खोल जखम असेल आणि शेवटच्या डोसाला ५ वर्षं उलटली असतील, तर टीडी घ्या. ज्याचे डोस पूर्णच झालेले नाहीत, त्याला सोबत तयार अँटिबॉडीचं इंजेक्शनही लागतं.

धनुर्वाताच्या विषाचा परिणाम बहुधा ३ ते २१ दिवसांत दिसतो. जबडा आवळतो, तोंड पुरतं उघडत नाही, घास गिळवत नाही. एकदा ते विष मज्जातंतूला चिकटलं की सोडवता येत नाही. तेव्हा उजाडायची वाट न बघता गाडी थेट सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयाकडे न्या.