पनवेल नावाची बोट आणि चिमन सिंग

(दृश्य: पनवेलची खाडी. ओहोटी. चिखलात कललेल्या होड्या.)

पनवेल म्हटलं की आज आपल्याला हायवे आठवतो, रेल्वेचं जंक्शन आठवतं. पण हे गाव मुळात बंदराचं. मीठ आणि भात इथून गलबतांत चढायचं. बैलगाडीची चाकं करावीत ती पनवेलच्या सुतारांनीच, असा लौकिक होता. आता खाडी गाळानं भरत आली आहे.

या गावाच्या नावाची एक बोट भारतीय नौदलात होती. आयएनएस पनवेल. गस्तीची छोटी बोट, लांबी जेमतेम ३० मीटर. मासेमारीचे दोन ट्रॉलर एकामागे एक उभे केले तर होते तेवढी. १९७१ च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, ही बोट आपल्या खाडीपासून फार लांब, पूर्व पाकिस्तानातल्या म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या नद्यांमध्ये शिरली होती.

(दृश्य: सुंदरबनचा नकाशा. मोंगला ते खुलना, नदीची रेघ.)

सोबत आणखी दोन बोटी होत्या, पद्मा आणि पलाश. मूळच्या कलकत्ता बंदराच्या कामाच्या बोटी. त्यांच्यावर बोफोर्स तोफा बसवल्या आणि मुक्तिवाहिनीचे, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सेनेचे, बंगाली खलाशी व आपले खलाशी एकत्र चढले. चौथी बोट सीमा सुरक्षा दलाची, चित्रांगदा. या ताफ्याचे प्रमुख होते कमांडर मोहन नारायण सामंत. सामंत हे आडनाव ऐकलं की सिंधुदुर्गातला माणूस कान टवकारतो. पाणबुडी 'करंज'चे पहिले कमांडिंग ऑफिसर ते हेच.

१० डिसेंबरच्या सकाळी ताफा मोंगला बंदरात पोचला. चित्रांगदा तिथेच थांबली. उरलेल्या तिघी नदीतून वर, खुलन्याकडे निघाल्या.

त्यांच्यातल्या एका बोटीवर लीडिंग सीमन (नौदलातला खलाशाचा एक हुद्दा) चिमन सिंग होता. वय २६. गाव हरियाणात. ज्या मुलखाला समुद्र नाही, तिथला हा पोरगा. आपल्याकडे मूल शाळेत जायच्या आधी खाडीत डुंबतं. हा पाण्याशी ओळख करून घ्यायला एवढ्या लांबून आला होता, हे मला पुनःपुन्हा आठवत राहतं.

(दृश्य: दुपारचं ऊन, रुंद नदी. आवाज फक्त पाण्याचा.)

दुपारच्या सुमारास खुलन्याजवळ आकाशात विमानं दिसली. ती आपलीच होती. आपल्या विमानांना ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळी खूण केलेली होती. तरीही चूक झाली. विमानं खाली झेपावली, आधी पद्मा पेटली, मग पलाश. ही गोष्ट सांगताना हा भाग गाळावा असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. त्या पाण्यात पडलेल्या माणसांनी काय सोसलं, ते यातला एकही शब्द न लपवता सांगायला हवं.

पलाशच्या इंजिनघरात मोहम्मद रुहुल अमीन होते, नोआखालीचे. बोट सोडायला ते तयार नव्हते. त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. बांगलादेशनं पुढे त्यांना आपला सर्वोच्च वीरसन्मान दिला, बीरश्रेष्ठ. रूपसा नदीच्या काठी त्यांची कबर आहे.

चिमन सिंग पाण्यात फेकला गेला. अंगात धातूचे तुकडे घुसलेले. आणि काठावरून शत्रूनं, पाकिस्तानी सैन्यानं, पाण्यातल्या माणसांवर गोळीबार सुरू केला.

(दृश्य: करंजा बंदर. तांडेल दोर आवरतो आहे. जवळून हात.)

आता जरा इथे थांबू. बुडणाऱ्या माणसाला पाण्यात धरणं म्हणजे काय, हे आपल्या किनाऱ्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बुडणारा माणूस जिवाच्या भीतीनं गळ्याला मिठी मारतो आणि वाचवायला आलेल्यालाही खाली नेतो. म्हणून त्याला समोरून धरत नाहीत, पाठीमागून धरतात. त्यात खुलन्याची नदी आपल्या खाड्यांसारखीच भरती-ओहोटीची. पाण्याला ओढ असते. धडधाकट माणूसही तिथे दमतो.

चिमन सिंगला दोघे दिसले. एक अधिकारी, फार जखमी. दुसरा एक खलाशी. दोघांनाही तरंगत राहणं जड जात होतं. तो त्यांच्याकडे वळला. गोळ्या चालूच होत्या, स्वतःच्या जखमा होत्याच. एकट्यानं पोहत सुटला असता तर कुणी बोल लावला नसता. त्यानं दोघांना धीर दिला, आधार दिला आणि काठाकडे नेलं.

काठावर सुटका नव्हती, तिथे शत्रू होता. मग या पोरानं जे केलं त्यानं माझा श्वास अडकतो. तो शत्रूच्या दिशेनं धावत सुटला. हातात काही नसताना, भळभळत्या जखमांनिशी. सगळ्यांचं लक्ष, सगळ्या बंदुका त्याच्याकडे वळल्या. तेवढ्या वेळात ते दोघे निसटले. चिमन सिंगला पकडलं.

तिकडे पनवेल बोट वाचली होती. लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा तिचे कप्तान. त्यांनी गोळीबारातच पाण्यातली माणसं उचलून घेतली.

(दृश्य: पदकाचं जवळून चित्र. चांदीचं गोल पदक, त्यावर पाच टोकांचा तारा, अर्धी पांढरी, अर्धी केशरी फीत.)

१९७१ च्या युद्धात नौदलाच्या ८ जणांना महावीर चक्र, म्हणजे युद्धातल्या शौर्याचं दुसऱ्या क्रमांकाचं पदक, मिळालं. त्यातले तिघे या नदीवरच्या मोहिमेतले: सामंत, नोरोन्हा आणि चिमन सिंग. आठांतले सात अधिकारी. खलाशी एकच, हा.

हे कोकणात मुद्दाम सांगायचं कारण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोरांनी स्वातंत्र्याच्या आधीपासून नौदलात भरती होऊन बोटी चालवल्या. आपल्या वाड्यावाड्यांत भिंतीवर पांढऱ्या गणवेशातला एखादा फोटो असतो, बहुतेक खलाशाचाच. युद्धकथांत मात्र नाव येतं कप्तानाचं. दोर ओढणारा, तोफ भरणारा, इंजिनघरात घामानं निथळणारा माणूस कुणाला आठवत नाही. म्हणून पनवेलच्या या बंदरावर त्या बोटीच्या नावाची एक पाटी असावी, आणि त्या पाटीवर चिमन सिंगचंही नाव असावं, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: पुन्हा पनवेलची खाडी. भरती लागली आहे. होड्या सरळ होतात.)

ढाक्यात १६ डिसेंबरला शरणागती झाली, खुलन्यात त्याच्या दुसऱ्या दिवशी. बांगलादेश मुक्त झाल्यावर चिमन सिंग कैदेतून सुटला. जिवंत होता. त्याला थेट इस्पितळात नेलं.