माहीमपर्यंत एकत्र

मंडळी, येत्या जानेवारीत तुमच्यापैकी बरेच जण पहिल्यांदाच मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावणार आहेत, आणि तीही ग्रुपने. बूट कोणते घ्यावेत, आदल्या रात्री काय खावं, हे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मला एवढंच विचारायचं आहे, की बरोबर धावायचं ते कुठपर्यंत? सीएसएमटीसमोर पहाटेच्या अंधारात, हजारोंच्या गर्दीत याचं उत्तर शोधू नका. ते आजच ठरवा.

त्यामागचं गणित साधं आहे. अंतर ४२.१९५ किलोमीटर. साडेचार तासांत संपवायचं तर किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद लागतात, पाच तासांत संपवायचं तर ७ मिनिटं ७ सेकंद. फरक ४३ सेकंदांचा. गप्पांच्या नादात तो कळतही नाही. पण पाच तासांची तयारी असलेली मैत्रीण साडेचारवालीच्या सोबतीने निघाली, तर निम्म्या अंतरावर ती स्वतःच्या वेळेच्या पंधरा मिनिटं पुढे असते. त्या क्षणी तिला फार छान वाटत असतं, हीच मोठी अडचण. वेग वाढला की शरीर चरबीपेक्षा ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, जास्त जाळतं, आणि स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेनचा साठा मर्यादितच असतो. बहुतेकांचा तो तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत आटत जातो. मग पाय उचलत नाहीत.

मुंबईत हे कुठे घडतं तेही बघा. जाताना मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी असं सगळं गारव्यात पार पडतं. पुढे सी लिंक. एरवी ज्या पुलावर पायी जायला बंदी आहे, तिथे दोन्ही बाजूंना समुद्र ठेवून धावायला मिळतं. माझ्या मते या शर्यतीतला सर्वांत सुंदर टप्पा तोच, आणि तो मित्रांबरोबरच धावावा. वांद्र्याहून वळून माहीमला येईपर्यंत निम्मं अंतर मागे पडलेलं असतं. त्यानंतर शिवाजी पार्क, प्रभादेवी, वरळी, पुन्हा हाजी अली, आणि पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पेडर रोडचा चढ. पाच तासांवाल्यांना तिथे पोचेपर्यंत नऊ वाजून गेलेले असतात. ऊन डोक्यावर आणि दमट हवेमुळे घाम सुकत नाही. चढ तसा मोठा नाही, पण पंधरा मिनिटांची उधळपट्टी तिथे व्याजासकट वसूल होते.

म्हणून माझं म्हणणं असं: माहीमपर्यंत एकत्र, तेही सर्वांत हळू धावणाऱ्याच्या वेगाने. पुढे ज्याने त्याने आपापल्या लयीत जावं. कोणी पुढे गेला तर त्याने मागे वळून बघायचं नाही, मागे राहिलेल्याने वाईट वाटून घ्यायचं नाही. ज्यांना हळू सुरुवात मान्य नाही, त्यांनी पहिल्यापासूनच आपल्या वेळेच्या पेसरची ‘बस’ पकडावी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पोचवणाऱ्या, एकाच वेगाने धावणाऱ्या म्होरक्याच्या घोळक्यात सामील व्हावं. त्यात रुसवा कसला? वेगात एवढी तफावत असताना शेवटपर्यंत हात धरून राहण्याचा हट्ट दोघांचीही शर्यत बिघडवतो. एकाचे पाय दुसऱ्याच्या लयीत अवघडतात, आणि आपल्यामुळे तो थांबला या ओझ्याने दुसरा आणखी खचतो.

याला एक अपवाद आहे, आणि तो वेळेपेक्षा मोठा आहे. मित्र असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, छातीत दुखतंय म्हणाला, तर तिथेच थांबा, जवळच्या वैद्यकीय केंद्रावर न्या आणि त्याच्यापाशी राहा. गोंधळलेल्या माणसाला आपण गोंधळलोय हे कळत नाही. ते बरोबरच्यालाच दिसतं. आणि प्रेमापोटी एकमेकांना सारखं पाणी पाजू नका. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांचं सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलेलं होतं, आणि शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं त्यांना हा धोका अधिक होता. म्हणजे ते गरजेपेक्षा जास्त प्यायले होते. तहानेप्रमाणे प्या.

मग मित्र हवेत कशाला? मंडळी, त्यांच्यावाचून आपण सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचतच नाही. पहाटे साडेचारला गजर बंद करून झोपावंसं वाटतं, तेव्हा कोपऱ्यावर कोणीतरी आपली वाट पाहत उभं आहे, एवढ्यानेच माणूस उठतो. आपल्या ग्रुपमधल्या कितीतरी बायका अंधारात एकट्या धावायला निघाल्या नसत्या. सोबत होती म्हणून त्या बाहेर पडल्या, आणि आज त्याच सगळ्यांत नियमित आहेत. या गोष्टीचं मला मनापासून अप्रूप आहे. अव्वल धावपटूंनाही सोबत लागतेच. २०२०मध्ये इथियोपियाच्या डेरारा हुरिसाने मुंबईत २ तास ८ मिनिटं ९ सेकंदांचा तेव्हाचा विक्रम केला, तो दुसऱ्या धावपटूकडून उसन्या घेतलेल्या बुटांवर. शर्यतीत मात्र त्याला स्वतःच्याच वेगाने पळावं लागलं. आणि पेडर रोडवर तुम्ही एकटे असलात तरी एकटे नसता. तिथे अनोळखी माणसं संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं घेऊन उभी असतात, बिबवरचं, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावरचं, नाव वाचून हाका मारतात. त्या हाकेला मान वर करून उत्तर द्या.

आता कामाचं. शेवटाला गर्दीत फोन लागेलच असं नाही, म्हणून भेटायची जागा आधी ठरवा. जो आधी पोचेल त्याने पदक घेऊन थेट घरी पळायचं नाही, शेवटचा येईपर्यंत थांबायचं. त्याची पिशवी, कोरडा टीशर्ट तयार ठेवायचा. आणि ही फारकत सरावातच अंगवळणी पाडून घ्या. येत्या रविवारच्या लांब पल्ल्यात निम्मं अंतर एकत्र धावा, पुढे सुटे व्हा, आणि चहाच्या टपरीवर सगळे जमेपर्यंत कोणी हलू नका. तुमचे आत्ताचे पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते, या वहीत लिहून द्या, म्हणजे गट आजच पाडता येतील.