कोणी बघत असताना

(काळा पडदा. प्रोजेक्टरची घरघर. हळूहळू एक जुनं, थरथरतं चित्र उजळतं.)

पॅरिस, नोव्हेंबर १९१५. महायुद्धाला सव्वा वर्ष होऊन गेलंय. एका नाट्यगृहात मूकपट चालू आहे आणि एक तिशीतला माणूस समोर उभा राहून बोलतोय. हा साशा गित्री. नाटककार, नट आणि बोलण्यात पटाईत. जर्मन विचारवंतांनी युद्धाची बाजू घेणारा एक जाहीरनामा काढला होता. गित्रीनं त्याला फिल्ममधून उत्तर दिलं. नाव साधंच, ‘आमच्याकडचे’. म्हणजे, आमच्याकडे कोण कोण आहे ते बघा.

आणि खरंच, कोण कोण आहे! शिल्पकार रोदँ छिन्नी-हातोडा घेऊन दगडाशी. क्लोद मोने छत्रीखाली उभा, पांढरे कपडे, तोंडात सिगारेट. तळ्याकडे बघतो, कॅनव्हासकडे बघतो, पुन्हा तळ्याकडे.

मग ओग्युस्त रेन्वार. चौऱ्याहत्तर वर्षांचा. संधिवातानं बोटं आत वळून गेलेली, हातावर कापडाच्या पट्ट्या. शेजारी मुलगा उभा आहे, हवं-नको बघायला. त्या वाकड्या मुठीत ब्रश अडकवलेला आहे आणि तो ब्रश मात्र अजिबात वाकडा चालत नाही.

फिल्मला आवाज नव्हता. आवाज गित्रीचा, समोर बसलेल्यांसाठी, त्या त्या संध्याकाळपुरता. कलाकारांवरच्या माहितीपटांची गोष्ट मला इथून सुरू करावीशी वाटते, कारण पुढे शंभर वर्षांत जे प्रश्न निघाले ते सगळे त्या वीस-बावीस मिनिटांत आहेत. काम करणारा माणूस कॅमेऱ्यात येतो का? की कॅमेरा आला की तो काम करणारा माणूस राहतच नाही?

(रिकाम्या खुर्च्या. माणसं येऊन बसतायत. दिवे मंदावतात.)

अशा फिल्मच्या स्क्रीनिंगला मी गेली बरीच वर्षं जातोय. चित्रकार, वास्तुविशारद, डिझायनर, काळाच्या पुढचं बघणारी माणसं. यातल्या बऱ्याच फिल्म, स्पष्टच सांगतो, कंटाळवाण्या असतात. मागे पियानो. समोर खुर्चीत बसलेले जुने मित्र, एकामागून एक, ‘तो कसा वेगळा होता’ हे सांगणारे. दहाव्या मिनिटाला कळतं की हा वाढदिवसाचा सत्कार आहे आणि आपल्याला टाळ्यांसाठी बोलावलंय.

त्यामुळे मी एक सवय लावून घेतली. फिल्ममध्ये तो माणूस कुठे अडतो, तेवढं बघायचं. हात कुठे थांबतो. काय पुसलं जातं.

(पांढरा कागद, मागून प्रकाश. त्यावर आपोआप उमटणारी काळी रेघ.)

१९५५चा उन्हाळा, फ्रान्समधलं नीस, व्हिक्टोरिन स्टुडिओ. दिग्दर्शक आन्री-जॉर्ज क्लूझो, त्याच्यासमोर पाब्लो पिकासो. क्लूझोला एक युक्ती सापडली होती. कागदातून आरपार झिरपणारी शाई घ्यायची. पिकासो कागदाच्या एका बाजूला, कॅमेरा दुसऱ्या बाजूला. आपल्याला हात दिसतच नाही, फक्त रेघ दिसते. ती कुठूनतरी येते, वळते, थबकते, पुन्हा निघते.

त्यातलं एक चित्र मी कितीही वेळा बघू शकतो. आधी फुलं. बरं, फुलं आहेत म्हणून आपण सैलावतो. तोवर फुलांचा मासा झालेला असतो. माशाचा कोंबडा होतो. आणि कोंबडा आता छान जमलाय, याला हात लावू नकोस रे बाबा, असं वाटेपर्यंत त्याच्यावर काळा रंग चढतो आणि एक चेहरा आपल्याकडे बघत असतो. सुंदर कोंबडा गेला. कायमचा. तो आता फक्त फिल्मवर आहे.

पुढे तेलरंगाची मोठी चित्रं येतात. तिथे थोडं रंगवायचं, थांबायचं, कॅमेरा चालवायचा, पुन्हा रंगवायचं, असा प्रकार. तासन्‌तासांचं काम पडद्यावर काही मिनिटांत उरकतं. समुद्रकिनाऱ्याचं एक चित्र पिकासो खोडतो, बदलतो, पुन्हा खोडतो, आणि शेवटी स्वतःच सांगून टाकतो की हे बिघडलंय. नवा कॅनव्हास घेतो. जगातला सर्वांत नावाजलेला चित्रकार, चालू कॅमेऱ्यासमोर. १९५६मध्ये या फिल्मला कान चित्रपट महोत्सवात परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं.

कॅमेऱ्यामागे कोण होतं ठाऊक आहे? क्लोद रेन्वार. त्या वाकड्या मुठीतल्या ब्रशचा नातू. १९१५मध्ये आजोबा कॅमेऱ्यासमोर, चाळीस वर्षांनी नातू कॅमेऱ्यामागे. असं काही पटकथेत लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, जरा जास्तच होतंय.

(थंडीतलं अंगण. खालून दिसणारी काच, काचेवर पडणारे रंगाचे ओघळ.)

पण हे सगळ्यांना झेपत नाही.

१९५०. अमेरिकेतलं लाँग आयलंड. जॅक्सन पोलॉक कॅनव्हास जमिनीवर पसरून त्यावर रंग ओततो, झटकतो, ठिबकवतो. हान्स नामुथ या छायाचित्रकारानं उन्हाळ्यात त्याचे फोटो काढले, मग त्याला फिल्म सुचली. आत शूटिंगला पुरेसे दिवे नव्हते, म्हणून काम अंगणात. शरद ऋतू सरत चाललेला, गारठा वाढलेला. नामुथला चित्रासोबत चित्रकाराचा चेहराही हवा होता. म्हणून काच आणली, उंचावर बसवली, आणि नामुथ स्वतः खाली उताणा पडला. वर पोलॉक काचेवर रंग टाकतोय, खाली कॅमेरा आभाळाकडे तोंड करून.

फिल्म जेमतेम दहा मिनिटांची. संगीत मॉर्टन फेल्डमनचं. त्यात पोलॉक स्वतःच्या आवाजात सांगतो की काचेवरच्या पहिल्या चित्राशी त्याचा धागा तुटला, म्हणून त्यानं दुसरं सुरू केलं. पडद्यावर तो पहिली काच पुसताना दिसतो. माझ्या मते सगळी फिल्म त्या पुसण्यात आहे.

कारण विचार करा, तो माणूस चित्रात ‘आत’ असायचा. ती त्याची पद्धत होती, तीच ताकद होती. आणि इथे कोणीतरी सांगतंय, आता आत ये, आता थांब, रीळ बदलायचंय, आता पुन्हा ये. नोव्हेंबरच्या अखेरीस शूटिंग संपलं. पोलॉक घरात आला आणि त्यानं ग्लास भरला. दोन वर्षं त्यानं दारूला स्पर्श केला नव्हता. त्या रात्री भांडण झालं, जेवणाचं टेबल उलथलं गेलं. सहा वर्षांनी तो मोटार अपघातात गेला.

आता सगळं खापर कॅमेऱ्यावर फोडणं सोपं आहे, आणि ते खरं नाही. माणूस आधीपासून तुटत आलेला असू शकतो. पण फिल्म बघताना मी ती दहा मिनिटं निर्धास्त बसू शकत नाही.

जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरनं तर हे कॅमेऱ्यासमोरच बोलून दाखवलं. कोरिना बेल्झची २०११ची फिल्म. रिश्टर मोठ्या पट्टीनं ओला रंग कॅनव्हासभर ओढतो. एका ओढीत खालचे थर वर येतात, वरचे नाहीसे होतात. बघायला विलक्षण. मध्येच तो थांबतो आणि सांगतो की कोणी बघत असताना रंगवणं काही जमत नाही. चांगली गोष्ट ही की बेल्झनं ते कापून टाकलं नाही.

(समुद्रकिनारा. चपट्या दगडांचा वाढत जाणारा ढीग. लाटांचा आवाज जवळ येतोय.)

या सगळ्यात एक प्रसंग असा आहे जो घरी एकट्यानं बघण्यात आणि भरल्या अंधारात बघण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कॅनडातलं नोव्हा स्कोशिया. अँडी गोल्ड्सवर्दी हा शिल्पकार किनाऱ्यावरचे चपटे दगड एकावर एक रचतोय. खाली अरुंद, मध्ये फुगीर, वर पुन्हा निमुळता असा आकार त्याला हवाय. चुना नाही, सिमेंट नाही, फक्त वजनावर वजन. भरती येतेय. म्हणजे घड्याळही लागलेलं आहे. थॉमस रीडेल्सहायमरचा कॅमेरा, फिल्म २००१ची, जरासुद्धा घाई करत नाही. एक दगड. दुसरा. हा बसत नाही, तो उचलून फिरवून पाहतो. पुन्हा एक दगड. रचना कमरेच्या वर येते.

आणि कोसळते.

स्क्रीनिंगला त्या क्षणी अख्ख्या हॉलच्या तोंडून एकच ‘अरे!’ निघतं. मी तो आवाज एकाहून अधिक वेळा ऐकलाय. गोल्ड्सवर्दी ओरडत नाही. तिथेच टेकतो, गप्प बसतो. मग पुन्हा लागतो. ती पुन्हा पडते. त्याचं म्हणणं एवढंच की प्रत्येक वेळी दगड थोडा जास्त कळतो. घरी असतो तर यातली निम्मी मिनिटं मी पुढे ढकलली असती, खोटं कशाला बोलू. हॉलमध्ये ढकलता येत नाही. शेजारी अनोळखी माणूस श्वास रोखून बसलेला असतो आणि आपणही.

नंतर दिवे लागतात, चर्चा सुरू होते. पहिला प्रश्न हमखास ठरलेला: ‘हे करायला किती वेळ लागला?’

(कागदावरची अक्षरं. मग एका इमारतीचा गोल झरोका, आत झिरपणारा उजेड.)

डिझायनरांची पंचाईत वेगळी. दगड पडतो तसा टाईपफेस, म्हणजे छापील अक्षरांचं वळण, पडत नाही. हेल्व्हेटिका १९५७मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झाला. पन्नास वर्षांनी, २००७मध्ये, गॅरी हस्टविटनं त्यावर पूर्ण लांबीची फिल्म केली. एका टाईपफेसवर! ती चालली कारण त्यात भांडण आहे. एक म्हणतो याहून स्वच्छ अक्षर नाही, दुसऱ्याला ते बघवत नाही. आणि बाहेर पडलात की रस्त्यावरच्या पाट्या तुम्ही पहिल्यांदा वाचण्याऐवजी बघायला लागता.

इमारतीचं काय? लुई कान हा वास्तुविशारद मार्च १९७४मध्ये न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर हृदयविकारानं गेला. भारतातून परतत होता. ओळख पटायलाच काही दिवस गेले. डोक्यावर कर्ज. कुटुंबं तीन, त्यातल्या दोन कुटुंबांना समाजात जागा नाही. मुलगा नथॅनियल तेव्हा अकरा वर्षांचा. मोठेपणी तो वडिलांना शोधायला त्यांच्या इमारतींमधून फिरला, आणि २००३मध्ये त्याची फिल्म आली.

शेवटी तो ढाक्याला पोहोचतो. संसद भवन, लुई कानचंच काम, तो गेल्यावर आठ वर्षांनी पुरं झालेलं. तिथले वास्तुविशारद शमसुल वारेस त्याला भेटतात. नथॅनियल सांगतो की फिल्ममध्ये या इमारतीला साधारण दहा मिनिटं मिळतील. वारेस चकित होतात. दहा मिनिटं? या इमारतीला? बोलता बोलता त्यांचे डोळे भरतात. कलाकारावरच्या फिल्मची याहून नेमकी समीक्षा मी कुठे वाचलेली नाही, आणि ती त्या फिल्ममध्येच आहे.

याच्या उलट बाजूनं सत्यजित राय. १९७२, सुमारे वीस मिनिटं, निवेदन त्यांचं स्वतःचं. विषय त्यांचे शांतिनिकेतनमधले शिक्षक बिनोदबिहारी मुखर्जी. जन्मापासून नजर अधू, पुढे डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टी पूर्ण गेली. फिल्ममध्ये ते भित्तिचित्रासाठी कागद दुमडून आकृत्या करतात. बोट घडीवरून फिरतं, कडेला पोहोचतं, परत येतं. राय आवाज चढवत नाहीत, कुठे कीव नाही. कॅमेरा समोर आहे हे त्या माणसाला दिसत नाही. त्यामुळेच असेल, इतकं निवांत काम करणारा कलाकार मी पडद्यावर दुसरा पाहिलेला नाही.

(रिकामं व्यासपीठ. एक माईक.)

आणि नुसता विचार करणारा माणूस? बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन वास्तुविशारद-विचारवंतानं १९७५मध्ये आपल्याला माहीत असलेलं सगळं सांगायला घेतलं, ते बेचाळीस तास चाललं. कॅमेरा चालू होता. बेचाळीस तास कोण बघणार! २०१२मध्ये सॅम ग्रीन या दिग्दर्शकानं वेगळा रस्ता काढला. पडद्यावर फुलरची जुनी चित्रं, शेजारी ग्रीन स्वतः उभा राहून बोलतोय, बाजूला यो ला टेंगो हा बँड प्रत्यक्ष वाजवतोय. खेळ संपला की फिल्म संपली. गित्रीच तो, सत्त्याण्णव वर्षांनंतरचा.

२०२४मध्ये हस्टविटनं संगीतकार ब्रायन ईनोवर केलेली फिल्म तर प्रत्येक खेळाला बदलते. कुठली दृश्यं, कुठल्या क्रमानं, हे सॉफ्टवेअर ठरवतं. काल तुमच्या मित्रानं पाहिलेली फिल्म आज तुम्हाला दिसणार नाही. ही चलाखी आहे का? थोडीशी आहे. पण त्या संध्याकाळी तिथे असणं पुन्हा मोलाचं झालं, हेही खरं.

(पुन्हा ते जुनं, थरथरतं चित्र. पॅरिसचा एक रस्ता.)

गित्रीच्या फिल्ममधला एक जण मी मुद्दाम मागे ठेवला होता.

चित्रकार एदगर देगा. ऐंशीचा, दृष्टी जवळजवळ गेलेली. गित्रीनं विचारलं, त्यानं साफ नकार दिला. तेव्हा गित्रीनं कॅमेरा रस्त्यावर नेला आणि वाट पाहिली.

गर्दीतून एक म्हातारा येतो. हॅट, पांढरी दाढी. बरोबर एक बाई. कॅमेऱ्याकडे त्याचं लक्ष नाही. हातात ब्रश नाही, समोर कॅनव्हास नाही. काही सेकंद चालतो.

आणि चौकटीच्या बाहेर निघून जातो.

(काळा पडदा. प्रोजेक्टरची घरघर थोडा वेळ चालू राहते.)