निंदणी
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : कपाशीचं शेत. वाकलेल्या बाया, विळ्याचं टोक, उपटलेलं तण. कट. कागदांचा गठ्ठा बांधलेल्या लाल रुमालाची गाठ आणि ती सोडणारी म्हातारी बोटं.]

पाऊस स्थिरावला की खान्देशात कपाशीच्या ओळींत निंदणी सुरू होते. सरकारी कचेरीतही निंदणी असते. मुदत संपलेले कागद वेगळे काढायचे आणि नष्ट करायचे, या कामाला सरकारी भाषेत म्हणतात ‘अभिलेख निंदणीकरण’. हा शब्द ज्या कुणाला सुचला, तो शेतकऱ्याच्या घरातला असणार.

[अभिलेख कक्ष. लोखंडी मांडण्या छतापर्यंत. उन्हाच्या तिरिपेत धूळ.]

ही खान्देशातल्या एका तालुक्याची कचेरी. नाव सांगत नाही. कॅमेरा आत न्यायला होकार मिळाला, तो त्याच बोलीवर.

रुमाल सोडणाऱ्यांना इथे सगळे नाना म्हणतात. नोकरी महसुलात गेली, शेवटची अकरा वर्षं याच खोलीत. निवृत्त झाले, तरी आठवड्यातून दोनदा येतात. अभिलेखपालाची जागा रिकामी आहे. किल्ली ज्या कारकुनाकडे आहे, त्याच्याकडे आणखी दोन टेबलं आहेत. नानांना मोडी येते. मानधन विचाराल, तर दोन वेळचा चहा.

[रुमालांचे रंग : लाल, हिरवा, पिवळा, पांढरा.]

कागद किती जगणार, हे त्याच्या वर्गावर ठरतं. ‘अ’ वर्ग म्हणजे कायम. ‘ब’ म्हणजे ३० वर्षं. ‘क’ला १० वर्षं, ‘क-१’ला ५. आणि ‘ड’ फक्त एका वर्षाचा पाहुणा. फेरफाराची नोंदवही ‘अ’मध्ये, रजेचा अर्ज आणि स्मरणपत्रं ‘ड’मध्ये. ‘ड’चे कागद या खोलीपर्यंत येतच नाहीत, यायला नकोत. ते टेबलावरच गठ्ठा बांधून ठेवायचे आणि वर्ष सरलं की काढून टाकायचे.

प्रकरण निकाली निघालं की त्यातल्या प्रत्येक पानावर क्रमांक पडतो, पानांची यादी होते, वर्ग ठरतो आणि दप्तर इकडे येतं. हे सगळं टेबलावरच्या कारकुनानं करायचं असतं. बदलीचा आदेश आला की तोच कारकून काय करतो? जे समोर आहे ते एका रुमालात बांधतो आणि वर लिहितो, ‘किरकोळ’.

[रुमालावरची चिठ्ठी. जाड शाईत एकच शब्द : किरकोळ.]

नाना या शब्दाला घाबरतात. असा रुमाल ते कधीच दुसऱ्याच्या हाती देत नाहीत.

[जवळून : नानांचे हात. पान उलटणं, टाचणी काढणं.]

काम कसं चालतं ते बघा. आधी सुतळी सोडायची, कापायची नाही, कारण तीच पुन्हा लागते. मग पुठ्ठ्याची पाटी बाजूला. मग टाचण्या. टाचणी ओढली तर कागद फाटतो. म्हणून गंजलेली टाचणी नाना नखानं जरा उचलतात, डोकं धरतात आणि ज्या वाटेनं ती आत गेली त्याच वाटेनं बाहेर काढतात. कागदावर उरतात दोन तांबूस भोकं. टाचण्यांसाठी त्यांच्याजवळ बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. डबा अर्धा भरलाय.

मग वाचायचं. वरचं पान वाचून निकाल द्यायचा नाही, हा नानांचा नियम. वर ट्रॅक्टरच्या भाड्याचं बिल असतं आणि खाली कुणाच्या वारसाचा जबाब. डावीकडे ठेवायचं ते, उजवीकडे जायचं ते, आणि मांडीवर जे अजून ठरलेलं नाही ते. आम्ही चित्रीकरण केलं त्या दिवशी दुपारपर्यंत मांडीवरचाच ढीग सगळ्यात मोठा होता.

[एक जाड वही. कडा कसरीनं खाल्लेल्या. मोडी अक्षरं.]

आणि ही वही त्या ‘किरकोळ’मधून निघाली. कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, याची गावकामगारांनी ठेवलेली नोंद. साल १९३१. नाव, बापाचं नाव, तारीख आणि जात.

या शेवटच्या रकान्यानं असल्या वह्यांचं नशीब पालटलं. जातीचा दाखला हवा असेल, तर पुरावा जुना लागतो. अनुसूचित जमातींना १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १९६७ पूर्वीचा. आजोबा कधी शाळेत गेलेच नसतील, तर उरतं काय? कोतवाल बुक, नाहीतर गाव नमुना १४, म्हणजे गावाची जन्म-मृत्यूची नोंदवही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे यांची समिती बसली. आधी मराठवाड्यापुरती, मग राज्यभर. तेव्हा कचेऱ्या-कचेऱ्यांत रुमाल सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. त्या आधी यातल्या कितीतरी वह्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता.

[दारात एक शेतकरी. नकलेचा अर्ज हातात. नाना वाचून दाखवतायत.]

हे दादा नकलेसाठी आले होते, तिसऱ्यांदा. नाना एकेक ओळ मोडीतून वाचत होते.

[शेतकऱ्याचा आवाज : “हाई मन्हा आजलानं नाव शे!”]

[इथे निवेदन नाही. १२ सेकंद. फक्त चेहरा आणि वही.]

[धुळे. राजवाडे संशोधन मंडळाची इमारत. नंतर कपाटं.]

जुन्या कागदासाठी वेडा झालेला माणूस खान्देशनं पाहिलाय. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. माळे, पडव्या, बखारी धुंडाळत, लोकांच्या दारात ताटकळत या गृहस्थानं दप्तरं मिळवली. त्यांतून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड निघाले. ३१ डिसेंबर १९२६ला ते वारले, ते धुळ्यातच. त्यांच्या नावाचं मंडळ आजही इथे आहे. राजवाडे शोधत होते ते कागद खाजगी वाड्यांतले होते आणि त्यासाठी मालकांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत. सरकारी कागदाचा मालक सरकार. मिनतवारी करायची कुणाची?

[एरंडोलची गल्ली. जुनी वाडे-वस्ती.]

आणि कागद इथे बाहेरूनच आला, असंही नाही. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात एरंडोल आणि यावल ही नावं येतात ती जाड्याभरड्या देशी कागदासाठी. असा हातकागद गोणपाट आणि चिंध्या कुटून व्हायचा. लगदा चाळणीवर उचलायचा, ताव वाळवायचा, दगडानं घोटायचा. नानांचं म्हणणं, त्या कागदाला कसर लागते, पण तो तुटत नाही. १९७०-८०च्या दशकातला बदामी कागद मात्र घडीवर दुमडला की हातात तुकडा येतो. नाना दाखवतात.

[जवळून : घडीवर मोडणारा कागद. दोनदा.]

[तहसील कार्यालयाचं अंगण. वजनकाटा. गाठोडी.]

उजवीकडच्या ढिगाची यादी झाली. वर्ष, विषय, पानं, वर्ग. साहेबांची सही झाली. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांसाठी २००५चा वेगळा अधिनियम आहे. मनात आलं आणि पेटवून दिलं, असं करता येत नाही. दरपत्रकं मागवली. ज्याचा भाव जास्त, त्या रद्दीवाल्यानं हमीपत्र दिलं : कागद पुड्या बांधायला जाणार नाही, थेट लगद्याला जाईल. नावं-सह्या असलेले गठ्ठे अंगणातच यंत्रात घातले. पैसे चलनानं सरकारजमा.

पहिलं गाठोडं ३८ किलो भरलं. काट्याजवळ उभ्या असलेल्या नानांनी त्यातून एक फाईल परत काढली. यादीत नसलेली होती. काटा पुन्हा लावला.

[ट्रक. ताडपत्री. सुरतेचा रस्ता : कुसुंबा, साक्री, दहिवेल.]

माल निघाला वापीकडे, तिथल्या कागद कारखान्यांकडे. कारखान्यात आम्हाला चित्रीकरण करता आलं नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या दादांना हवी असलेली नोंद सापडली, पण त्यांच्या चुलत्यांना १९३४ची लागते; त्या सालाची वही या खोलीत नाही, कधी आणि कोणत्या ढिगातून गेली याची यादीही नाही, आणि चुलत्यांच्या मुलीच्या जात-पडताळणीची तारीख जवळ आहे.

[नवापूर. ट्रकचा मागचा भाग. ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडतंय.]

[परत कचेरी. सकाळ. रिकामी मांडणी.]

सोमवारी या मांडणीवर २०१४ची दप्तरं चढली. त्यातल्या सहा रुमालांवर ‘किरकोळ’ लिहिलंय. नाना गुरुवारी येणार आहेत.

[बिस्किटांचा डबा. टाचणी आत पडल्याचा आवाज. काळा पडदा.]